हरवलेला वाय आणि दिलेल्या मुली

घरी पाहुणे आले आणि कोणी विचारलं, "वहिनी नोकरीत नेमकं काय करायच्या?" तर आमचे हे मला तोंडच उघडू देत नाहीत. "ही सेहेचाळीसपर्यंत आकडे मोजायची. बरोबर आले की पगार मिळायचा." पाहुणे हसतात, हे शांतपणे चहाचा घोट घेतात आणि मी पोह्यांची बशी जरा जोरातच ठेवते. आयुष्यभर शाळेत पोरांची हजेरी घेतलेल्या माणसानं हे बोलावं!

पण त्यात खोटं काही नाही. माणसाच्या प्रत्येक पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रं असतात, जोडीजोडीनं. निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून. पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी ती मोजायला होते. रक्तातल्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवायच्या, ऐन वेळी थांबवायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा. मग खरं काम. फोटोतलं एकेक गुणसूत्र बारीक कात्रीनं कापायचं, उंचीप्रमाणे जोड्या लावायच्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. शाळेत आपण चित्रं कापून वहीत डकवायचो, तसंच. फरक इतकाच, की इथं चुकलं तर कुणाच्या तरी घरात रडारड व्हायची.

कापाकापी चालू असली की पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा. शिंक आली तर दाराबाहेर जाऊन द्यायची आणि आम्ही उठल्याशिवाय झाडूला हात लावायचा नाही, असा कडक नियम होता. जोड्यांपैकी शेवटची जोडी सांगायची बाई की पुरुष. बाईचे दोन एक्स, पुरुषाचा एक एक्स आणि एक वाय. वाय म्हणजे एवढासा, भाताच्या शितापेक्षा लहान तुकडा. ज्याच्यावरून घराघरांत पेढे वाटले जातात तो प्रत्यक्षात इतका किरकोळ दिसतो, हे मला पहिल्या दिवसापासून फार आवडलं होतं.

एकदा तो हरवला.

शनिवार पेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांचा नमुना होता. रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणून डॉक्टरांनी तपासायला पाठवलेला. मी कापलं, मांडलं, मोजलं. पंचेचाळीस. वाय नाही! टेबलाखाली गुडघ्यांवर बसून टॉर्चनं शोधलं. साडीच्या निऱ्या झटकल्या. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीवर संशय घेतला, तिनंही माझ्यावर घेतला. शेवटी त्याच नमुन्यातल्या दुसऱ्या पेशीचा फोटो घेतला, तर तिथंही वाय नाही. तिसरीत होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वाय माझ्या हातून पडलाच नव्हता, सरांच्याच काही पेशींमधून गळाला होता.

आमचे वरिष्ठ म्हणाले, "वयामुळे होतं. केस पिकतात तसं. लिहा आणि सोडून द्या." रिपोर्ट न्यायला सर स्वतः आले, सोबत काकू. सरांनी रिपोर्ट चष्मा वर करून, खाली करून वाचला.

"म्हणजे मी आता पुरुष नाही, असं आपलं म्हणणं आहे?"

"आहात हो सर. काही पेशींनी राजीनामा दिलाय, एवढंच."

काकू पर्स मिटत म्हणाल्या, "ह्यांचं काहीही हरवलं की मला शोधायला लावतात. हे मात्र मी शोधणार नाही, आधीच सांगते."

त्या काळी वाय म्हणजे मुलगा करण्यापुरता, पुढे त्याला काही काम नाही, अशी समजूत होती. मी निवृत्तीला आले तोवर हे चित्र बदलायला लागलं होतं. म्हाताऱ्या पुरुषांच्या रक्तात वाय गमावलेल्या पेशी खूप झाल्या, तर काही कॅन्सरांचा धोका वाढलेला दिसतो, वायवरही काही राखणदार जनुकं असावीत, असं संशोधक म्हणू लागले होते. अशा प्रत्येकाला कॅन्सर होतोच असं नव्हे. आमचे सर तर नंतर कितीतरी वर्षं वर्तमानपत्रांना खरमरीत पत्रं पाठवत राहिले.

आता कामातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. स्त्री-पुरुष दोघांनाही असणारे अवयव घेतले, म्हणजे मूत्राशय, यकृत, अन्ननलिका, तर कॅन्सर पुरुषांना जास्त होतो. आपण लगेच तंबाखू, दारू, बिडी म्हणून मोकळे होतो. तेही खरंच आहे. पण ते सगळं बाजूला काढलं तरी थोडा फरक उरतोच. त्यातला काही भाग त्या शेवटच्या जोडीत आहे. बाईचे दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक गुंडाळून झोपवलेला असतो. तरीसुद्धा त्या झोपलेल्या एक्सवरची काही जनुकं जागी राहतात, आणि पेशीला वाह्यात वागू न देणारी काही राखणदार जनुकं नेमकी त्यांत आहेत. म्हणजे बाईच्या सोसायटीला दोन वॉचमन, पुरुषाच्या सोसायटीला एक. तो बिघडला की गेट उघडं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "दुसरा वॉचमन झोपलेला असतो, हे तूच म्हणालीस."

"एक डोळा उघडा ठेवून. बायकांची झोप तशीच असते."

पण म्हणून बायकांनी निर्धास्त व्हावं असं अजिबात नाही. काही जनुकांचं गणित अगदी उलटं चालतं, आणि ते मला माझ्या नोकरीच्या दुसऱ्या भागात कळलं.

दुसरा भाग सुरू झाला तो संगणकामुळे. बाहेरच्या देशांतली यंत्रं सहज मिळायला लागली, तसं एक आमच्याकडेही आलं. फोटो तेच काढायचं, जोड्या तेच लावायचं, मी फक्त मान डोलवायची. कात्री ड्रॉवरमध्ये गेली. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसल्यासारखं मला वाटायचं. आमच्या विभागप्रमुख डॉक्टर बाई एक दिवस म्हणाल्या, "तुम्ही आता लोकांशी बोला. रिपोर्ट हातात पडल्यावर त्यांना काही कळत नाही. समजावून सांगायला कोणीतरी हवं."

"मी? माझं बोलणं ऐकून धडधाकट माणूस आजारी पडेल."

"तुम्ही गोड बोलत नाही, पण खरं बोलता. तेवढं पुरे."

मग रीतसर शिक्षण घेतलं आणि एक खोली मिळाली. टेबल, चार खुर्च्या आणि स्तनांच्या ओपीडीसमोरचं दार. काम असं, की पेशंटच्या कुटुंबाचं झाड काढायचं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. कॅन्सर झाला असेल तर तो आकार काळा करायचा. झाड काढून झालं, की रोग नुसता आलाय की घराण्यातून चालत आलाय, याचा अंदाज येतो. ऐकायला सोपं वाटतं. पण ह्या कामात माणसाला काय विचारायचं, हेच आधी शिकावं लागतं. ते मला धायरीच्या नानांनी शिकवलं.

समोरच्या ओपीडीत दर गुरुवारी बाकांवर बायकाच बायका असायच्या. एका गुरुवारी त्यांच्यात टोपी घातलेले, उन्हाळ्यात जाड जाकीट घातलेले एक गृहस्थ ताठ बसलेले दिसले. शेजारी त्यांच्या पत्नी, सुमनबाई. फाइल सुमनबाईंच्या पिशवीत. ओपीडीच्या दारावरच्या मावशींनी नाव न वाचताच हाक मारली, "चला बाई, आत या. मालकांना बाहेर बसू द्या." आणि सुमनबाई उठल्या, नाना त्यांच्या मागोमाग सोबत आल्यासारखे गेले. पेशंट नाना होते. डाव्या छातीत गाठ, ऑपरेशन होऊन काही महिने झालेले. पुरुषांनाही छातीचा कॅन्सर होतो. क्वचित होतो, पण होतो. आणि पुरुषाला झाला की आमच्या कामात पहिला प्रश्न पडतो, की हे वारशानं आलंय का.

सर्जनांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. धायरीत पिढ्यान् पिढ्या शेती केलेलं घर. आता शेतांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. मुलगा विकास बिल्डर लोकांबरोबर कामं करायचा, त्याचं लग्न झालेलं, घरात एक लहान नात. मुलगी रोहिणी हिंजवडीला कंपनीत, तिच्यासाठी स्थळं बघत होते.

मी पेन्सिल घेतली. "नाना, तुमच्या घरात आणखी कुणाला कॅन्सर?"

"न्हाई. आमच्या घरात कुनालाच न्हाई."

"अगदी कुणालाच?"

"सांगितलं की, न्हाई."

सुमनबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "हिराबाई गेल्या की पोटाच्या गाठीनं."

विचारलं तर हिराबाई नानांची बहीण निघाली, म्हणून मी नानांच्या शेजारी एक गोल काढून काळा केला. मग इकडतिकडचं विचारताना सुमनबाई म्हणाल्या, "शकूवन्संनी लई सोसलं. पाणी काढायचे पोटातलं." म्हणजे आणखी एक बहीण. मी दुसरा गोल काढून काळा केला आणि विचारलं, "ह्या दोघींमध्ये मोठी कोण?"



"कुठल्या दोघी?" नाना म्हणाले. "शकूच हिराबाई. सासरी नाव बदललं न्हाई का तिचं!"

खोडरबर शोधत मी म्हटलं, "अहो, मग बहिणीला कॅन्सर झाला होता की. घरात कुणाला नाही म्हणालात!"

"ती कुठं आमच्या घरातली? भोरला दिली होती तिला."

त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं 'घरात', आणि दिलेली मुलगी घरातली राहत नाही. तिचं आडनाव जातं, नाव जातं, आणि कॅन्सर झाला तर तो सासरच्या खात्यावर लागतो. त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. "तुमच्या घरातून दिलेल्या मुली कोणकोणत्या? लग्नाआधीचं नाव सांगा." नानांना तो तिथल्या तिथं विचारला, तर सासवडला दिलेली एक आत्याही निघाली. तिच्या छातीला जखम झालेली, पाला बांधता बांधता गेलेली.

मी तीन काळे आकार नानांपुढे ठेवले. दोन गोल, एक चौकोन.

त्यांनी कागद जवळ ओढला. मग हळूच म्हणाले, "मंजी शकूचं आन माझं एकच?"

"असावं. तपासून बघू."

नमुना बाहेर पाठवला, आणि आला तो रिपोर्ट तसाच आला. पेशीतली मोडतोड दुरुस्त करणारं एक जनुक असतं, ते नानांमध्ये बिघडलेलं होतं. मी त्यांना समजावलं. हे जनुक एक्सवर नाही, वायवर नाही, वेगळ्याच जोडीत आहे. बापाकडून मुलाला जितकं, तितकंच मुलीला. प्रत्येक अपत्याच्या वेळी नाणं उडवल्यासारखं, आलं तर आलं, नाही तर नाही. पण मुलीकडे आलं तर ते जड जातं. छाती आणि अंडाशय, दोन्हींचा धोका. वेळेत कळलं तर पुष्कळ काही करता येतं. "रोहिणीला सांगा. तिची तपासणी करू."

"न्हाई."

"का?"

"पोरीचं लगीन ठरतंय. कर्वेनगरची मान्सं हायेत, शिकलेली. त्यास्नी काय सांगू, बापाला बायकांचा रोग झालाय?"

तेव्हा मला कळलं, की त्यांनी घरात सुद्धा सांगितलेलं नव्हतं. मुलांना माहीत होतं ते एवढंच, की नानांची चरबीची गाठ काढली. आणि दर गुरुवारी फाइल सुमनबाईंच्या पिशवीत बघून आळीत कुजबुज झाली होती, की कॅन्सर सुमनबाईंना आहे. नानांनी ती खोडली नाही. सुमनबाईंनीही नाही.

"बाया सफरचंदं घेऊन येतात मला बघाया," सुमनबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार? घेती. खातात हेच."

मला मनापासून राग आला. नानांवर आला, त्या बाईच्या सोशिकपणावर तर जास्तच आला. पण आमच्या कामाचा पहिला नियम असा, की पेशंटची गोष्ट पेशंटची. त्यानं हो म्हटल्याशिवाय ती त्याच्या मुलीलासुद्धा सांगता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "नाना, शकूला कुणी वेळेत सांगितलं असतं तर तिचं वेगळं झालं असतं, असं तुम्हाला वाटतं ना? मग रोहिणीला सांगणारं तुमच्याशिवाय कोण आहे?" ते टोपी सारखी करून उठले. पुढचे कित्येक गुरुवार नुसता नमस्कार करून माझ्या दारावरून जात राहिले.

आणि एके संध्याकाळी रोहिणीच आली. एकटी. पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचं कार्ड.

"मॅम, थोडं ऑड वाटेल, पण मला माझी स्वतःची टेस्ट करायचीय. आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे. ती कोणालाच सांगत नाहीये, पण मला कळलंय. मी तिची फाइल इथली बघितलीये बॅगेत. उघडली नाही, प्रायव्हसी म्हणून."

हल्लीच्या मुली कधी नको तिथं सभ्य वागतात. पुढे तिनं लॅपटॉप उघडून दाखवला. आजोळच्या सगळ्या बायका रकान्यांत मांडलेल्या, आजी, मावश्या, चुलतमावश्या, आजीच्या बहिणीसुद्धा. सगळ्यांपुढे हिरवा रंग.

"मी सगळ्यांना फोन केले. आईच्या साइडला कुणालाच नाहीये. म्हणजे हेरेडिटरी नसणार, राइट? मग मला टेस्टची तशी गरज नाही. बस, तेवढं तुमच्याकडून कन्फर्म करायचं होतं. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, म्हणून म्हटलं डोक्यातून काढून टाकावं."

पोरगी हसत होती. तिला फक्त माझी मान हलायला हवी होती. ती हलली असती, तर ती निश्चिंत मनानं घरी गेली असती आणि पुन्हा कधी ह्या दाराशी आली नसती. 

"वडिलांची बाजू कुठंय?" मी विचारलं.

"नानांची? त्याचा काय संबंध? ब्रेस्ट कॅन्सर आहे ना हा!"

हे मात्र मी सांगू शकत होते. रस्त्यावरच्या कुणालाही सांगितलं असतं. "वडिलांकडूनही येतो. तितकाच. मुलीत अर्धा बाप असतोच की."

"पण नाना एकदम फिट आहेत, मॅम. गेल्या वर्षी फक्त ती चरबीची गाठ काढली, दॅट्स ऑल."

पेन्सिलीला टोक नव्हतं असं नाही, पण मी ती टोक करायला घेतली. सालं टेबलावर पडत होती आणि मी त्यांच्याकडेच बघत होते. मग म्हटलं, "झाड अर्धं काढून मी काही सांगत नसते. नानांना घेऊन ये. आईलाही."

"नानांना कशाला? आईला आणते ना."

"नानांना," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण तिनं लॅपटॉप मिटला.

तिघं आले. नाना माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना वाटलं असेल, हिनं सांगितलं. पण रोहिणीच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं, की सांगितलेलं नाही. मी कोऱ्या कागदावर मधोमध एक गोल काढला. "ही रोहिणी." वर आईचा गोल, बापाचा चौकोन. आईची बाजू भराभर झाली, सगळी कोरी.

"आता वडिलांची बाजू. नाना, तुमच्या घरातून दिलेल्या मुली सांगा."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आत्या. सासवडला दिलेली. छातीची जखम." मी गोल काळा केला. "शकू. भोरला. पोटातली गाठ." मी दुसरा काळा केला.

रोहिणी म्हणाली, "शकूआत्या? ती तर काविळीनं गेली ना?"

"काविळीनं न्हाई."

 माझी पेन्सिल तिथंच थांबली होती. मी काही विचारलं नाही, विचारणारही नव्हते. आता नाना बोलले नाहीत तर कागद घडी करून तिघांना घरी पाठवायचं होतं, आणि त्या मुलीच्या डोळ्यांत बघायची माझी तयारी नव्हती. सुमनबाई पिशवीचे बंद घट्ट धरून बसल्या होत्या.

नानांनी बोट कागदावर ठेवलं, रोहिणीच्या वर, स्वतःच्या चौकोनावर.

"ह्यो बी काळा करा, म्याडम."

"नाना?" रोहिणी म्हणाली.

"तुझ्या आयेला काय बी न्हाई. मला हाय. छातीचाच."

रोहिणीनं आईकडे बघितलं, नानांकडे बघितलं. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं. तेवढ्यात सुमनबाईंनी एक मोठा श्वास सोडला.

"चला," त्या म्हणाल्या. "वर्षभर कॅन्सर होता मला. आज बरी झाले, बाई."

आधी मी हसले, मग त्या, आणि रोहिणी हसता हसता रडायला लागली. "नाना, मी वर्षभर आईला भांडी घासू दिली नाही! आणि ती सफरचंदं तुम्ही खात होतात!"

"वाया का घालवायची?" नाना म्हणाले.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. रोहिणीची तपासणी झाली, तिच्यात तो बिघाड निघाला. विकासला बोलावलं तर तो गाडीची किल्ली फिरवत म्हणाला, "मॅडम, मला कशाला? मी जेन्ट्स आहे."

"ते दिसतंय. बाप कोण आहे?"

त्याच्यातही निघाला. मग मात्र किल्ली खिशात गेली. "मॅडम, बायकांना दोन वॉचमन असतात म्हणे. रोहिणीला तुम्हीच सांगितलं. मग एकाच बापाचं, एकच चूक, तर तिलाच जास्त धोका कसा?"

प्रश्न चांगला होता. मी सांगितलं, "ते वॉचमन एक्सवरचे. हे जनुक दुसऱ्याच जोडीत आहे, तिथं तुम्हा दोघांना सारखंच. पण दुरुस्तीवाला बिघडला की जिथं काम जास्त, तिथं आधी बोंब होते. बाईची छाती, अंडाशय, तिथं महिन्या महिन्याला उलाढाल. तुझ्याकडे ते काम कमी, पण तुझी प्रोस्टेटची ग्रंथी आहे, छातीही आहे. चाळिशी आली की डोळ्यांत तेल घालून तपासायचं. आणि तुझी मुलगी मोठी झाली की तिला तू सांगायचं. तिच्या आईनं नाही."

तो मान खाली घालून म्हणाला, "सांगीन."

साखरपुड्याआधी रोहिणीनं मुलाला सगळं सांगितलं. तो तिच्याबरोबर माझ्याकडे आला आणि माझं डोकं उठेपर्यंत प्रश्न विचारून गेला. त्याची आईही येऊन गेली. कर्वेनगरच्या बाई, काय बोलतील म्हणून मी सावरून बसले होते. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दोन्ही बाजूंनी डायबेटिस आहे. आम्ही कुठं सांगितलं होतं?"

लग्न सिंहगड रस्त्याच्या एका लॉनवर झालं. तिथं एके काळी नानांची ज्वारी असायची. आम्ही दोघं गेलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या वेळी मुलाकडची एक आत्या ताटात तांदूळ पसरून घेऊन आली. नव्या सुनेचं नवं नाव अंगठीनं त्यावर लिहायचं असतं. "ऋतुजा ठरवलंय," ती कौतुकानं म्हणाली.

नाना खुर्चीतून उठले. "नाव बदलायचं न्हाई."

"अहो, रीत असते," आत्या म्हणाली.

"आमच्यात बी हाय. शकूची हिराबाई केली, मग ती कुनाला सापडलीच न्हाई. माझी पोरगी सापडाया पायजे."

मांडवातल्या बहुतेकांना काही कळलं नाही. म्हातारा भावुक झाला म्हणून दोघंतिघं हसले. सुमनबाईंनी गर्दीतून माझ्याकडे बघितलं. मुलानं अंगठी घेतली आणि तांदळात सावकाश, गिरवून 'रोहिणी' असं लिहिलं.

नाना त्यानंतर बरीच वर्षं होते, आणि गेले ते हृदयविकारानं. रोहिणीची एकदा गाठ निघाली. अगदी बारीक, तपासणीतच सापडलेली. पुढे तिनं विचार करून छाती आणि अंडाशय काढायची ऑपरेशनं करून घेतली. आज ती तिच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिला दोन मुलगे आहेत, आणि वेळ आली की दोघांनाही सांगायचं, हे तिनं आत्तापासून ठरवलेलं आहे.

हे लिहायला बसले तेव्हा मी तिला फोन केला. म्हटलं, ह्या लेखातली सगळ्यांची नावं मी बदलते आहे, तशी ती बदलायचीच असतात. तुझं काय ठेवू?



"माझं बदलू नका, मॅम," ती म्हणाली. "नानांनी सांगितलंय."

म्हणून वरच्या सगळ्या नावांमध्ये एक नाव खरं आहे.